घरच्या गोधडीचा काळ कसा ठरवावा : वरच्या प्राथमिक वर्गांसाठी एक उपक्रम

इतिहासाची साधने भौतिक, लिखित व मौखिक अशी तीन प्रकारची असतात, हे आपण वर्गात शिकवितो. मुले किल्ला, नाणे, ताम्रपट ही नावे पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु ताम्रपट मुलांच्या हाती कधी येत नाही, आणि सीताबर्डीचा किल्ला बहुधा दुरूनच पाहावा लागतो. त्यामुळे साधनावरून इतिहास कसा काढतात, ही मुख्य गोष्ट शिकविण्याची राहून जाते. ती शिकविण्यास उपयोगी पडेल असे एक साधन नागपूर जिल्ह्यातील पुष्कळ घरांत आजही आहे. ते म्हणजे जुनी गोधडी. कोठे तिला वाकळ म्हणतात, कोठे आणखी काही, वस्तू एकच.

गोधडी हे घरातील स्त्रियांच्या हातचे काम. फाटलेले लुगडे, विरलेले धोतर, मुलांचे आखूड झालेले कपडे थरावर थर ठेवून उन्हाळ्याच्या दुपारी धावदोऱ्याने शिवावयाचे, ही जुनी रीत. ज्या बायांना सही करता येत नव्हती, ज्यांचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर लागले नाही, त्यांच्या हातचा लेख म्हणावा असा हा एकच दस्तऐवज पुष्कळदा घरात उरलेला असतो. विदर्भाच्या लोकजीवनात गोधडीला मानही आहे. गाडगेबाबा चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन हिंडत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. मात्र हा दस्तऐवज आता झपाट्याने नाहीसा होत आहे. बाजारात ब्लँकेट स्वस्त झाले आहे. घरातील वृद्ध स्त्री गेली की तिचे अंथरूण-पांघरूणही अनेक घरांत देऊन टाकतात, आणि वस्तू व तिची माहिती सांगणारी व्यक्ती दोन्ही एकदमच जातात. म्हणून पुढील उपक्रम शिक्षकबंधू-भगिनींनी शक्य तितक्या लवकर हाती घ्यावा, अशी सूचना आहे.

वर्ध्यास १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली. हाताच्या कामातून ज्ञान द्यावे, हे तिचे तत्त्व होते. सूत, कापड व शिवण यांच्याद्वारे गणित, विज्ञान आणि इतिहास शिकविण्याची प्रथा आपल्या भागास त्यामुळे परकी नाही. प्रस्तुत उपक्रम त्याच वाटेने जाणारा आहे.

मूळ नियम

काळ ठरविण्याचा मूळ नियम मुलांना प्रथमच नीट समजावून द्यावा. गोधडीतील सर्वांत जुना तुकडा गोधडीचे वय सांगत नाही. सर्वांत नवा तुकडा सांगतो. पडलेल्या वाड्याच्या विटा आणून आज भिंत बांधली तर विटा जुन्या असतील, भिंत आजचीच. त्याचप्रमाणे आजेसासूच्या लुगड्याचा काठ गोधडीत असला तरी त्याच थरात पुढच्या काळातील कापड आढळले, तर ते कापड निघण्यापूर्वी गोधडी शिवली गेली असणे शक्य नाही. नव्यात नव्या तुकड्याने जी मर्यादा मिळते, तिला आपण ‘आरंभसीमा’ म्हणू.

या नियमाला दोन पुरवण्या आहेत. पहिली ही की, गोधडीत बहुधा वापरलेलेच कापड जाते. लुगडे काही वर्षे नेसले जाते, मग घरकामाला काढतात आणि त्यानंतर ते गोधडीत येते. म्हणून आरंभसीमेच्या वर्षीच गोधडी शिवली असे समजू नये. त्या वर्षानंतर केव्हा तरी, इतकेच म्हणावे. दुसरी पुरवणी अधिक महत्त्वाची आहे. मागाहून लावलेले ठिगळ हिशोबात धरू नये. जुन्या गोधडीला पुढे कोणी नवे ठिगळ लावले म्हणून गोधडी नवी होत नाही.

मूळ तुकडा आणि मागचे ठिगळ ओळखण्याची खूण धावदोऱ्यात असते. मूळ शिवणीच्या ओळी सर्व थरांतून आरपार जातात आणि पाठीकडे तशाच दिसतात. तुकडा मूळचा असेल तर त्या ओळी त्याच्या अंगावरून अखंड गेलेल्या असतात. ठिगळ मागाहूनचे असेल तर ओळी त्याच्या कडेशी थांबतात व त्याखाली दडतात. शिवाय ठिगळाच्या कडेचा दोरा बहुधा वेगळ्या रंगाचा वा जाडीचा असतो. पुष्कळदा जुनी जीर्ण गोधडीच नव्या कापडात गुंडाळून पुन्हा शिवलेली आढळते. तेव्हा आतली व बाहेरची अशा दोन गोधड्यांचे काळ निरनिराळे काढावे लागतात.

कापड काय सांगते

*सूत व विणकर.* नागपुरात गिरणीचे सूत निघू लागले त्याला निश्चित तारीख आहे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाने भारताची सम्राज्ञी हे पद त्याच दिवशी धारण केले, म्हणून गिरणीला ते नाव मिळाले. त्यापूर्वी १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत येऊन पोहोचली होती व विलायती कापड-सुताची आवक सुलभ झाली होती. ही गिरणी आज बंद आहे. पण तिच्या कापडाचे तुकडे घरोघरच्या गोधड्यांत असण्याचा संभव आहे. गिरणीचा धागा सारख्या जाडीचा असतो. हातसुताचा धागा मध्येच जाड, मध्येच बारीक. भिंगातून पाहिल्यास हा भेद चौथीच्या मुलालाही दिसतो.

परंतु हातसूत दिसले म्हणजे कापड गिरणीपूर्वीचे, असे अनुमान करू नये. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, १९२३ साली येथेच झेंडा सत्याग्रह झाला, १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहावयास गेले. या काळात खादी आपल्या भागातील कित्येक घरांत आली, आणि खादीचे सूत हातचेच असते. उलट नागपूरच्या कोष्टी विणकरांनी हातमागावर गिरणीचे सूत पुष्कळ वापरले. म्हणून सूत हातचे की गिरणीचे आणि वीण मागाची की गिरणीची, हे दोन प्रश्न अलग विचारावेत.

*काठ.* नागपूर, उमरेड, पवनी व भंडारा या गावांची रेशीमकाठी लुगडी व धोतरे प्रसिद्ध होती. लुगड्याचा काठ पदरापेक्षा अधिक टिकतो, म्हणून गोधडीच्या किनारीस तो वारंवार आढळतो. काठाची रुंदी मोजून त्याची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवून घ्यावी. आजीला तो काठ पाहून लुगड्याचे नाव सांगता येते का, हे विचारावे. कापडाचे दोन्ही काठ शाबूत असतील तर पन्हाही मोजावा.

*रंग.* रंगाच्या बाबतीत फार सावधपणा हवा. पूर्वी आपल्याकडे तांबडा रंग आल व मंजिष्ठ यांच्या मुळांपासून आणि निळा रंग नीळ या झुडपापासून करीत. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने डांबरापासून जांभळा रंग बनविला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. १८६८ साली मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले. १८९७ साली कृत्रिम नीळ जर्मनीतून बाजारात आली. झाडातील द्रव्य आणि कारखान्यातील द्रव्य रासायनिकदृष्ट्या एकच असल्याने डोळ्यांनी त्यांत भेद करता येत नाही. तेव्हा निळा किंवा तांबडा तुकडा पाहून ‘हा जुना वनस्पतीचा रंग’ असा निर्णय कोणी देऊ नये. भडक जांभळा वा राणी रंग दिसल्यास तो बहुधा कृत्रिम, म्हणजे १८५६ नंतरचा, एवढे म्हणता येईल.

*कृत्रिम धागा.* पॉलिएस्टरचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये लागला आणि आपल्याकडे टेरिलीन, टेरिकॉट ही कापडे १९६० नंतरच्या दशकात रूढ झाली. गोधडीच्या मूळ थरात असा तुकडा असेल तर गोधडी त्याआधीची नव्हे, हे निश्चित. ओळखण्याची परीक्षा सोपी आहे, पण ती शिक्षकांनी स्वतः करावी, मुलांच्या हाती देऊ नये. फाटलेल्या जागी सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर ज्योतीस लावावा. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख राहते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. या परीक्षेसाठी गोधडी कापू नये. सुटा धागा नसेल तर परीक्षा करू नये.

*छाप.* गिरणीच्या तागाच्या टोकाला व साखरेच्या वा पिठाच्या कापडी पोत्यावर छापलेली अक्षरे हे सर्वांत मोलाचे साधन होय, कारण त्यात कापड, नाणे व राज्यकारभार या तिन्हींचा इतिहास एकत्र येतो. १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, कापडावर सरकारी नियंत्रण आले व गिरणीच्या कापडावर किंमत छापली जाऊ लागली. आणे-पै यांतील किंमत असेल तर ते कापड १ एप्रिल १९५७ पूर्वीचे असावे, कारण त्या दिवशी दशमान नाणी चालू झाली. ‘नये पैसे’ हे शब्द १९५७ ते १९६४ या सात वर्षांचे. लांबी ‘वारात’ दिली असल्यास छाप मेट्रिक मापे रूढ होण्यापूर्वीचा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा असून ती पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाली. प्रदेशाचे नावही पाहावे. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ हे नाव जानेवारी १९५० पर्यंतचे. त्यानंतर १९५६ च्या ऑक्टोबरअखेर नागपूर मध्यप्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ पासून ते मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. एका मळक्या चिंधीवरील दोन शब्दांतून मुलांना राज्यपुनर्रचना शिकविता येते.

आजीला काय विचारावे

“आजी, ही गोधडी किती जुनी?” हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्यावर “लई जुनी” किंवा “शंभर वर्षांची” असेच उत्तर मिळते. वय विचारू नये, प्रसंग विचारावा. “आजी, तुम्ही लग्न होऊन या घरी आलात तेव्हा ही होती का?” “बाबांच्या जन्माच्या वेळी हीच अंथरली होती का?” “हे लुगडे कोणाचे? त्या कधी वारल्या?” अशा प्रश्नांची उत्तरे माणसाला आठवतात. सार्वजनिक प्रसंगांचाही उपयोग होतो. १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा, १९७२ चा दुष्काळ, नरखेडकडील गावांत १९९१ चा मोवाडचा महापूर, यांच्या आधीची की नंतरची असे विचारल्यास काळ बराच नेमका होतो. आजीच्या शब्दांत सांगणे लिहून घ्यावे. त्याला पुस्तकी भाषेचा साज चढवू नये.

या वेळी मुलांना एक समज देणे अगत्याचे आहे. गोधडीत गेलेल्या माणसांचे कपडे असतात; कधी न जगलेल्या बाळाचे झबलेही असते. सांगणाऱ्याचा कंठ दाटून आला तर पुढचा प्रश्न विचारू नये.

एक उदाहरण

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थ्याच्या घरी गोधडी आहे व ती “पणजीच्या हातची, शंभर वर्षांची” असे घरचे सांगतात. किनारीस रेशीमकाठी लुगड्याच्या पट्ट्या आहेत. मधला थर खादीच्या धोतराचा आहे. एका कोपऱ्यात टेरिकॉटचा निळा तुकडा आहे. पाठीच्या अस्तराला एक भोक असून आत दडलेल्या तुकड्यावर रुपये-आण्यांतील किंमत अंधुक दिसते.

टेरिकॉट पाहून कोणी म्हणेल की, गोधडी १९६० नंतरची. परंतु धावदोऱ्याच्या ओळी त्या तुकड्याखाली दडलेल्या आहेत. म्हणजे ते ठिगळ होय. ते हिशोबातून वगळावे. किंमत छापलेला तुकडा मात्र आतल्या थरातला असून शिवण त्याच्यातून आरपार गेली आहे, तो मूळचाच. गिरणीच्या कापडावर किंमत छापणे १९४३ पासूनचे, म्हणून आरंभसीमा १९४३. छाप अजून वाचता येतो, यावरून तो तुकडा फारसा न धुता, जवळजवळ कोराच गोधडीत गेला असावा, हेही अनुमान निघते.

आता दुसरी मर्यादा, म्हणजे ‘अंतसीमा’, शोधावयाची. आजी सांगतात की, त्यांच्या थोरल्या दिराच्या बारशाला ही गोधडी अंथरल्याचे सासूबाई नेहमी बोलत. ते दीर याच शाळेत शिकले. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने दाखलखारीज रजिस्टर पाहिले असता त्यांची जन्मतारीख १९५५ ची निघते. भौतिक, मौखिक व लिखित ही तिन्ही साधने येथे एकत्र आली आणि निर्णय असा झाला : गोधडी १९४३ ते १९५५ या दरम्यान शिवली गेली, काठाचे तुकडे तीहून जुने असू शकतील, ठिगळ १९६० नंतरचे आहे. घरच्यांचे ‘शंभर वर्षे’ टिकले नाही. पण त्याऐवजी घरातल्या बाळाच्या बारशाला जोडलेली एक खरी हकीकत हाती आली, आणि ती शंभर वर्षांच्या आकड्याहून कितीतरी मोलाची आहे.

नोंदपत्रक व कार्यपद्धती

उपक्रमास साधारणपणे सहा तासिका पुरतात. मुलांचे चार-चारांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाने एकाच गोधडीची नोंद करावी. नोंदपत्रकात पुढील बाबी असाव्यात :

१. गाव, नोंदीची तारीख, नोंद करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे.
२. लांबी व रुंदी सेंटिमीटरमध्ये, वजन किलोग्रॅममध्ये.
३. फाटलेल्या कडेवरून मोजता आले तेवढे थर.
४. दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके; तीन ठिकाणी मोजून सरासरी.
५. शिवणीच्या ओळी कडेकडून मध्याकडे चौकोनी फिरल्या आहेत की सरळ समांतर गेल्या आहेत, याची आकृती.
६. प्रत्येक निराळ्या कापडाचे वर्णन : सूत, वीण, रंग, काठ, छाप, मूळचे की ठिगळ.
७. सांगितलेली माहिती, सांगणाऱ्याच्या शब्दांत.
८. आरंभसीमा, अंतसीमा व प्रत्येकीचा पुरावा.

गोधडी घरातून शाळेत आणण्याचा आग्रह धरू नये. मुलांनी घरी जाऊन, घरच्यांची परवानगी घेऊन पाहावी. नोंदीपूर्वी ती धुऊ नये, कारण धुतल्याने छाप पुसतो व जीर्ण धागे तुटतात. सावलीत, स्वच्छ चटईवर पसरून पाहावी. मोबाइलवर छायाचित्रे घेता येतील. शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे आकार समजतो. माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जवळच्या शाळांनी पुढे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची, म्हणजे आपल्या अजब बंगल्याची, सहल काढावी. मुलांनी स्वतः एक नोंदपत्रक भरलेले असले म्हणजे संग्रहालयातील चिठ्ठ्या त्यांना निराळ्या दृष्टीने वाचता येतात.

असे काम इतरत्रही झाले आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात १९८१ साली लोकांना घरच्या जुन्या गोधड्या ठरावीक दिवशी घेऊन येण्यास सांगून त्यांची राज्यभर नोंद करण्यात आली, आणि पुढे इतर राज्यांनी तो कित्ता गिरविला. आपल्या देशात बंगालचा कांथा आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी यांचा अभ्यास झालेला आहे. त्या मानाने नागपूरकडच्या गोधडीची नोंद थोडी आहे. ती आपल्या शाळांतून वाढू शकेल.

शिक्षकांनी जपावयाच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट, कोणाच्या घरची गोधडी सर्वांत जुनी अशी चढाओढ लावू नये, आणि तीस बक्षीसही ठेवू नये. बक्षिसाच्या लोभाने वर्षे वाढतात आणि उपक्रमाचा मूळ हेतूच बुडतो. शाबासकी द्यावयाची तर ज्या गटाने ‘एवढाच पुरावा मिळाला, म्हणून एवढेच म्हणतो’ असे लिहिले असेल त्यास द्यावी. ‘१९४३ नंतरची, अधिक सांगता येत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, आणि त्यास पूर्ण गुण द्यावेत.

दुसरी गोष्ट, गोधडी ही गरिबीची खूण समजून काही मुले ती दाखविण्यास लाजतात. त्यांना वर्गात उघडे पाडू नये. ज्याच्या घरी गोधडी नाही वा दाखवावयाची नाही, त्याने दुसऱ्या गटात काम करावे. जात, उत्पन्न, पोटापाण्याचा धंदा यांविषयी नोंदपत्रकात रकाना ठेवू नये. मात्र ज्या मुलाच्या आजीची गोधडी नोंदली गेली, त्याला ती नोंद वर्गापुढे स्वतः वाचू द्यावी. चिंध्यांतून ऊब निर्माण करणाऱ्या हातांचा हिशोब शाळेने मन लावून लिहून घेतला, हे त्या मुलाला व त्याच्या घराला कळले पाहिजे.

सर्व नोंदपत्रके एका बांधीव वहीत चिकटवून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावीत व एक प्रत संबंधित घरी द्यावी. दरवर्षी पाच-सहा गोधड्यांची भर पडली तरी दहा वर्षांत एका गावच्या कापडाचा, विणकरांचा व घरांचा विश्वासार्ह इतिहास शाळेपाशी जमा होईल. ज्या घरात वृद्ध आजी आहेत, त्या घरापासून आरंभ करावा.